टाटाला पेशंट घेऊन आलात? आधी जेवणाचं बघा

परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला पेशंट घेऊन निघालेल्या माणसाला गावाकडं सगळे दोन गोष्टी सांगतात. फाइल कशी काढायची आणि राहायला कुठं मिळतं. जेवणाचं कुणी बोलत नाही. ‘मुंबईत काय, पावलापावलाला हॉटेल’ म्हटलं की विषय संपला. हॉटेलं आहेतच. पण केमो घेतलेल्या माणसाच्या तोंडाला चालेल असं काही आणि दिवसभर लायनीत उभ्या राहिलेल्या सोबतच्या माणसाला पोटभर होईल असं काही, ही दोन्ही एका टेबलावर मिळणं अवघड. मी लातूरचा. सगळी नोकरी गाडीवर, कंडक्टर म्हणून झाली. आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, घेऊन टाटाच्या वाऱ्या केल्या त्या रिटायर झाल्यावर. बाहेर जेवण्यात जन्म गेला, तरी आजारी माणसाला सोबत घेऊन जेवायला बसणं हे निराळंच काम आहे.

सगळ्यात आधी, गर्दी बघून हॉटेलात शिरू नका. रात्रीच्या गाड्या एखाद्या ढाब्यावर ओळीनं लागलेल्या दिसल्या की प्रवाशाला वाटतं, ड्रायव्हर-कंडक्टर इथं जेवतात म्हणजे जेवण चांगलंच असणार. अहो, आम्ही तिथं जेवायचो कारण आमचं ताट फुकट असायचं. गाडीभर गिऱ्हाईक आणून दिल्याचा मोबदला. हॉस्पिटलच्या दारासमोरच्या हॉटेलांचंही थोडंफार तसंच असतं. तिथं बसलेला माणूस आज आहे, उद्या नाही. तो परत येवो न येवो, मालकाला काय फरक पडतो? त्यामुळं रोज येणारं गिऱ्हाईक कुठं बसतं ते शोधायचं. परळला हे सोपं आहे, कारण टाटाच्या शेजारीच केईएम आहे, पलीकडं वाडिया आहे. तिथं शिकणारी पोरं, औषधांच्या दुकानातले कामगार, वॉर्डातल्या मावश्या, वॉचमन, ही माणसं वर्षानुवर्षं त्याच गल्ल्यांत जेवतात. ‘इथं चांगलं हॉटेल कुठलं?’ असं त्यांना विचारू नका. पाहुण्याला सांगायचं म्हणून एखादं मोठं, एसीवालं नाव सांगतात. ‘तुम्ही काल दुपारी कुठं जेवलात?’ असं विचारा. औषधाच्या दुकानातल्या एका पोरानं मला यावर उत्तरच दिलं नाही. काउंटरखालचा डबा वर काढून दाखवला आणि म्हणाला, ‘काका, मागच्या गल्लीत एक बाई देते.’ पुढचे कित्येक दिवस आमचं रात्रीचं तिथंच भागलं.

ओपीडीत तुमच्या जिल्ह्यातलं कोणी ना कोणी भेटतंच. नव्या माणसाला विचारू नका, तोही तुमच्यासारखाच चाचपडत असतो. ज्याची फाइल जाड झालीय त्याच्याशेजारी जाऊन बसा.

नाव कळलं तरी पहिल्या दिवशी पेशंटला नेऊ नका. आधी एकट्यानं जायचं, दहा मिनिटं उभं राहायचं. उडपी हॉटेल असेल तर आतल्या खिडकीकडं नजर ठेवा. इडलीचं भांडं उघडलं की वाफेचा लोट येतो. त्या इडल्या सरळ ताटलीत पडतात की आधीच्या थंड इडल्यांवर रचल्या जातात, एवढंच बघायचं. सांबार उकळतंय की नुसतं कोमट ठेवलंय? टेबल पुसायचं फडकं आणि ताटली पुसायचं फडकं एकच आहे का? गल्ल्याजवळ एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचं, लायसन लावलेलं असावं लागतं, त्यावर १४ आकडी नंबर असतो. १ जानेवारी २०२२ पासून तो नंबर बिलावरही छापावा लागतो. लायसन आहे म्हणून स्वयंपाकघर स्वच्छ असेल असं काही नाही, पण जो मालक तेवढंही करत नाही त्याच्या पाण्याच्या टाकीचं काय असेल ते समजून घ्या. आणि एकदा सांगून बघा, ‘भाजी तिखटाशिवाय मिळेल का? पेशंटला द्यायचीय.’ वैतागला तर निघायचं. चांगला मालक उलट विचारतो, ‘केमो चालू आहे का?’ परळमधल्या माणसांना हे सवयीचं असतं.

पेशंटचं ताट

काय खायचं आणि काय नाही, हे हॉस्पिटलच्या डाएटिशियननं सांगितलंय तेच धरा. मी फक्त हॉटेलात ते कसं जमवायचं तेवढं सांगतो. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशींचे काउंट खाली जातात. त्या दिवसांत कच्चं काही नको. हॉटेलात कच्चं म्हणजे फक्त काकडी-कांदा नव्हे. इडलीबरोबरची खोबऱ्याची चटणी कच्ची असते आणि तिच्यात कुठलं पाणी घातलंय ते आपल्याला माहीत नसतं. पोह्यांवरची कोथिंबीर, भेळ, कापून ठेवलेली फळं, उसाचा रस, बर्फ, जगमधलं पाणी, हेही त्यातच आलं. म्हणून ऑर्डर देताना एका दमात सांगायचं, ‘गरम इडली, चटणी नको, सांबार वाटीत वेगळं, पाण्याची सीलबंद बाटली.’ वेटर हमखास सवयीनं चटणी घालून आणतो. आणली तर ती ताटली तुम्ही खा, पेशंटसाठी दुसरी मागवा. चटणी बाजूला सारून चालत नाही. दही-ताकाचं डाएटिशियनला स्पष्ट विचारून घ्या. आणि या दिवसांत ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला तर जेवणाचं राहू द्या, तडक कॅज्युअल्टी गाठा.

तोंड आलेलं असेल तर मुंबईतली नेहमीची भाजी-चपाती उपयोगाची नाही. चपाती हिरड्यांना लागते. मऊ भात, साधं वरण, मुगाची खिचडी, उपमा, दुधात भिजवलेली इडली, असं काहीतरी बघावं लागतं. उडपीकडं ‘राइस प्लेटमधला नुसता भात आणि साधी डाळ’ मागितली की देतात. चमच्यानं कुस्करून गुरगुट्या करून घ्यायचा. आक्काला ‘लाल इंजेक्शन’, म्हणजे केमोचं लाल रंगाचं औषध, चालू होतं, त्या काळात तिला फोडणीचा वास अजिबात सहन व्हायचा नाही. एसी हॉल तर नकोच, सगळे वास आत कोंडलेले असतात. दाराजवळचं टेबल धरायचं आणि भटारखान्याकडं पाठ करून बसवायचं. पार्सल आणलं तर खोलीबाहेर, जिन्यातच झाकण उघडायचं. कोंडलेली वाफ निघून जाते, त्याच्यासोबत अर्धा वास जातो, मग ताट आत न्यायचं. मात्र ‘नंतर खाईल’ म्हणून तसंच ठेवायचं नाही. दोन तासांत खाल्लं नाही तर ते सोबतच्याच्या पोटात जाणार हे ठरलेलं.

लातूरहून येताना झाकणाचे दोन स्टीलचे डबे आणि एक चमचा पिशवीत असू द्या. उकळतं सांबार पातळ पिशवीत बांधून घेण्यापेक्षा डबा पुढं करा. कुणीही नाही म्हणत नाही आणि दोन पळ्या जास्तच पडतात.

घड्याळ

परगावच्या माणसाचे हाल चवीमुळं कमी आणि वेळेमुळं जास्त होतात. खानावळीचं ताट दुपारी साधारण बारा ते तीन, रात्री सात-साडेसात ते दहा. हॉस्पिटलचं काम मात्र या वेळेत बसत नाही. उपाशीपोटी करायचा पेट स्कॅन उरकून दुपारी साडेतीनला बाहेर पडलात की खानावळवाली भांडी घासत असते. तेव्हा उडप्याशिवाय पर्याय नाही, तो दिवसभर चालू असतो. सकाळी लवकर नंबर असेल तर आदल्या संध्याकाळीच कोण किती वाजता उघडतं ते विचारून ठेवा. गुगलवरच्या वेळा सणावाराला खऱ्या नसतात, फोन लावावा. रिव्ह्यू वाचायचेच असतील तर पाच चांदण्यांचे सोडा, दोन-तीन चांदण्यांचे आणि गेल्या महिन्याभरातले वाचा. ‘पार्सल’ किंवा ‘हॉस्पिटल’ असा शब्द कुणी लिहिलाय का ते शोधा.

ताट मिळतं कुठं

परळ-लालबाग म्हणजे जुनं गिरणगाव. गिरणीतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना घरी जेवू घालणाऱ्या बायांच्या खानावळी इथं घरोघर होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते याच भागातून. गिरण्या गेल्या, पण पैसे घेऊन घरचं जेवण देणं इथल्या अंगवळणी पडलेलं आहे. आता त्याची पाटी ‘पोळी-भाजी केंद्र’ अशी असते. परळ, नायगाव, दादर, कुठंही विचारा. घडीच्या पोळ्या नगावर, सुकी भाजी, वरण, भात, हवं तेवढंच घ्यायचं. पेशंट पाव पोळी खातो, त्याच्यासाठी अख्खी थाळी कशाला? माझ्या मते दवाखान्याच्या मुक्कामात याच्यासारखी सोय नाही. हॉटेल त्याच्यानंतर.

आपल्याकडच्या माणसाला भाकरी लागतेच. पाटीवर भाकरी दिसली तरी कशाची ते विचारा. मालवणी खानावळीत ती तांदळाची असते. लुसलुशीत असते, तोंड आलेल्याला बरीही पडते, पण ज्वारीची आस धरून गेलात तर हिरमोड. गुजराती थाळीतल्या आमटीला आक्का शेवटपर्यंत नावं ठेवत राहिली, ‘वरणात गूळ कशाला घातलाय रे यांनी?’

इडलीसाठी माटुंगा. परळहून लोकलनं दादर, पुढचं स्टेशन माटुंगा, पूर्वेला उतरायचं. स्टेशनजवळच रामाश्रय आहे, सकाळी लवकर गेलात तर इडली, उपमा गरम मिळतो. रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंगही स्टेशनलगत, मार्केटच्या वर, केळीच्या पानावर जेवण. पण जिना चढायचाय, अशक्त पेशंटला नेऊ नका, तुम्ही जेवा. किंग्ज सर्कलच्या कॅफे मद्रासला सुट्टीच्या दिवशी रांग असते, पेशंट घेऊन रांगेत ताटकळण्यात अर्थ नाही.

आणि सोबतच्या माणसानं स्वतःसाठी म्हणून एखादं ठिकाण ठेवावं. भाचा आला की माझी सुटका व्हायची, मी दादर पश्चिमेला जायचो. शिवसेना भवनासमोर आस्वाद, तिथली मिसळ. गोखले रोडला प्रकाश, तिथं साबुदाणा वडा आणि पियुष. परत आल्यावर आक्का रागावेल असं वाटायचं. ती विचारायची, ‘तिखट होती का? तर्री कशी होती? नीट सांग.’ तिचं खाणं त्या महिन्यांत असंच व्हायचं, माझ्याकडून ऐकून.

पैशाचं थोडं. टाटाजवळ जीवनज्योत ट्रस्ट पेशंट आणि नातेवाइकांना फुकट जेवण देतो, दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत कॅन्सर पेशंट उतरतात. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांत सुरू झाली होती. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. जवळचं केंद्र चालू आहे का ते हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा, बाकीच्या मदतीचंही तिथंच कळतं. रांगेत उभं राहायला लाजू नका. उपचार किती महिने चालतील याचा अंदाज नसतो, वाचलेले पैसे औषधाला लागतात. फक्त तिथलं जेवण मसालेदार असलं तर पेशंटचं वेगळं करा.

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला, म्हणजे टाटाच्याच दुसऱ्या केंद्राला, पाठवलं तर परळचा हिशेब चालत नाही. आवार मोठं, बाहेर पडून गल्लीत जेवून येऊ असं होत नाही. डबा भरूनच निघा.

दुसऱ्या शहरात नावं बदलतात, पद्धत तीच. आमच्या भागातले बरेच जण हैदराबादला जातात. तिथं ‘करी पॉइंट’ शोधा, भाज्या, डाळ, सांबार पुड्यात बांधून देतात, भात आपण शिजवायचा. मात्र बहुतेक सगळं झणझणीत असतं, पेशंटसाठी नुसती पप्पू, म्हणजे त्यांची डाळ, मागा आणि तीही चाखून मगच द्या. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला असाल तर भाकरीची चिंता नाही, तिखटाची आहे. खोलीवर शेगडी चालत असेल तर तांदूळ, मूगडाळ आणि छोटा कुकर घेऊन जा, निम्मा प्रश्न तिथंच मिटतो.

परतीची लातूर गाडी रात्रीची. त्या दिवशी डिस्चार्जचे कागद, औषधं, टॅक्सी यात जेवण राहून जातं आणि मग प्लॅटफॉर्मवरचा वडा पोटात जातो. संध्याकाळी पोळी-भाजी केंद्र उघडलं की पहिल्यांदा तिथं जा. पोळ्या आणि सुकी बटाट्याची भाजी घ्या, भात नको, आंबतो. पोळ्या गरम असतानाच डब्यात कोंबल्या तर ओल्या होतात, पाच मिनिटं कागदावर पसरून ठेवायला सांगा. पेशंटचा डबा वेगळा, त्याच्यावर खूण करा. दादरला गाडीत चढल्या चढल्या, बर्थ लावायच्या आधी, त्याला खायला द्या.