बोर्ड चालू केल्यावर एफपीजीए (आतलं सर्किट आपल्याला हवं तसं भरता येणारी चिप) उशिरा जागा होतो?

आर्टिक्स-७ ३५टी या एफपीजीएची बिटफाइल (चिपमध्ये भरायची डिझाइनची फाइल) सुमारे १.७५ कोटी बिट्सची. मूळ सेटिंगमध्ये, म्हणजे एकाच डेटा-लाइनवर ३ मेगाहर्ट्‌झने, ती बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीमधून चढायला जवळपास ६ सेकंद जातात. तोवर आपण डन एलईडीकडे (फाइल चढल्याचं सांगणाऱ्या दिव्याकडे) बघत बसायचं!

१. व्हिवाडोमध्ये (या चिपच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये) इम्प्लिमेंटेड डिझाइन उघडून टूल्समधल्या ‘एडिट डिव्हाइस प्रॉपर्टीज’मध्ये जा.
२. कॉन्फिगरेशन रेट (फाइल चढवण्याच्या घड्याळाचा वेग, मेगाहर्ट्झमध्ये) ३३, एसपीआय (फ्लॅशशी असलेली जोडणी) बसविड्थ, म्हणजे डेटा-लाइन्सची संख्या, ४ करा. कॉम्प्रेशनही चालू करा; चिप अर्धी रिकामी असेल तर चांगलाच फरक पडतो.
३. बिटफाइल पुन्हा बनवा. फ्लॅशमध्ये लिहायची एमसीएस फाइल बनवताना इंटरफेस ‘एसपीआय एक्स-४’च निवडा. इथेच हमखास विसरायला होतं.

कॉम्प्रेशनशिवायही वेळ साधारणपणे ०.१५ सेकंदाच्या आत येतो.

मात्र फ्लॅशच्या चारही डेटा-लाइन्स जोडलेल्या हव्यात. एफपीजीएच्या आतलं घड्याळ ५० टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, त्यामुळे ३३ लावताना फ्लॅश ५० मेगाहर्ट्‌झ झेपणारी आहे ना, ते डेटाशीटमध्ये बघून घ्या.