ऑपरेशन झालं, वजन उतरतंय. आता या चुका टाळा

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पहिले काही महिने भूक जवळजवळ लागतच नाही. या ऑपरेशनचे दोन नेहमीचे प्रकार म्हणजे स्लीव्ह आणि (हृदयाचा नव्हे, जठराचा) बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, आणि भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन बहुतांशी त्याच भागात तयार होतं. बायपासमध्ये जठराचा जेमतेम ३० मिलिलिटरचा कप्पा ठेवून तो लहान आतड्याला पुढे जोडतात. तिथेही आतड्यातली हार्मोन्स बदलतात आणि चार घासांत पोट भरतं. जवळजवळ दर आठवड्याला काटा खाली येतो, जुने कपडे टेलरकडे जातात, भेटणारे कौतुक करतात. या काळात उत्साह टिकवण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

अडचण पुढे येते. वर्ष-दीड वर्षात भूक हळूहळू परतते, काटा थांबतो आणि कौतुक करणाऱ्यांनाही तुमच्या नव्या रूपाची सवय होते. तेव्हा कामाला येतं ते भूक गप्प असताना अंगवळणी पडलेलं खाणं. मी सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. दोन वर्षांनी वजन परत वाढतंय म्हणून येणाऱ्यांशी बोलताना बहुतेक वेळा धागा पहिल्याच वर्षात जाऊन पोचतो. म्हणून या चुका लवकर वाचलेल्या बऱ्या.

"ताकद यावी म्हणून" केलेली घाई

पहिल्या काही दिवसांत फक्त पातळ पाणीदार पदार्थ, मग दूध-ताकासारखे घट्टसर पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण, असा क्रम असतो. नेमके दिवस तुमच्या सर्जनच्या कागदावर असतील तेच पाळा. घरच्यांना मात्र काळजी वाटते. मग साखर घातलेली साबुदाण्याची पेज येते, ग्लुकोजचं पाणी येतं, मोसंबीचा रस येतो. यातून साखर जाते, प्रोटीन जात नाही. त्याऐवजी मुगाच्या डाळीचं गाळलेलं कढण, ताक, साय काढलेलं दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रोटीन पावडर द्या. येसराची आमटी आणि झणझणीत रस्सा दोन महिने बाजूला राहू दे.

पोट भरल्याची खूण आता वेगळी असते, ती ओळखायला शिका. उचकी लागते, नाकातून पाणी येतं, छातीच्या खाली दाब जाणवतो. तिथेच थांबायचं. "एवढाच घास ताटात राहिलाय" म्हणून तो संपवला की उलटी ठरलेली. अन्न टाकवत नसेल तर वाढतानाच कमी वाढून घ्या. वाटी आणि चमचा दोन्ही लहान वापरा.

कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे आपलं जेवण आहे आणि ते सोडायला सांगणारी मी नव्हे.

ज्वारीची भाकरी चांगलीच आहे. पण कडक भाकरीचं एक वैशिष्ट्य या ऑपरेशननंतर उलटं पडतं. ताजी पोळी किंवा पाव नीट चावला नाही तर लगदा होऊन कप्प्यात अडकतो, जड वाटतं, आणि माणूस आपोआप थांबतो. कडक भाकरीचा चुरा होतो आणि तो सरसर खाली उतरतो. कितीही मोडून खा, पोट भरल्याची खूण येतच नाही. चिवडा, शेव, खारी, बिस्किटं, आइस्क्रीम या सगळ्यांचं हेच आहे. "माझं पोट एवढंसं, मग वजन कसं वाढलं?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा याच सरकणाऱ्या पदार्थांत सापडतं. दुपारच्या जेवणात दोन घास, आणि संध्याकाळी टीव्हीसमोर डब्यातली अर्धी-पाऊण कडक भाकरी चटणीबरोबर, असा हिशेब असतो.

आता चटणी. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणून "शेंगा म्हणजे प्रोटीनच की" असं सगळे म्हणतात. त्याच १०० ग्रॅममध्ये ४८-४९ ग्रॅम तेल आणि साडेपाचशेच्या वर कॅलरीही असतात. एक मोठा चमचा, म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास चटणी धरली तर कॅलरी ८० च्या वर आणि प्रोटीन चार ग्रॅमपेक्षाही कमी. वर तेल घालून कालवली तर आणखी. जेवणात एक छोटा चमचा चवीला घ्या, जरूर घ्या. ती प्रोटीनच्या हिशेबात मात्र धरू नका.

बदलायचा आहे तो क्रम. आपण भाकरी मध्ये ठेवतो आणि तिच्या कडेनं बाकीचं लावतो. ऑपरेशननंतर आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं. तुमचा आकडा डॉक्टरांकडून घ्या. एवढ्याशा पोटात ते बसवायचं कसं? सकाळी दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम. २०० मिली दूध, सहाएक ग्रॅम. दुपारी ५० ग्रॅम पनीर, नऊ ग्रॅम. सोबत मटकीची अर्धी वाटी घट्ट उसळ, पाचेक ग्रॅम. संध्याकाळी प्रोटीन पावडरचं एक माप, डब्यावर बघा, बहुधा २० च्या पुढेमागे. रात्री ५० ग्रॅम शिजलेलं चिकन, १३ ग्रॅम. झाले ६५.

अंडं-मांस न खाणाऱ्या घरांत हे अवघड जातं, आणि सोलापुरात अशी घरं पुष्कळ आहेत. तिथे सोयाबीनच्या वड्या उपयोगी पडतात: २० ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे १० ग्रॅम प्रोटीन असतं. मऊ शिजवून, पिळून, बारीक करून उसळीत घाला. नुसत्या वरणावर भागत नाही, आपलं वरण फार पातळ असतं. पावडर घ्यायची लाज वाटू देऊ नका.

पाणी: जेवणाबरोबर नको, पण दिवसभर हवंच

जेवताना पाणी प्यायलं की एक तर जागा भरते, नाहीतर अन्न लवकर खाली ढकललं जातं आणि तासाभरात परत खावंसं वाटतं. जेवणानंतर निदान अर्धा तास पाणी नको. उरलेल्या वेळात दीड ते दोन लिटर पोटात जायला हवं, आणि आता घटाघटा पिता येत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा हे फार जाणवतं. बाटली सतत हाताशी ठेवा, दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या. पातळ ताक चालतं, बिनसाखरेचं लिंबूपाणी चालतं. उसाचा रस, सोडा आणि कोल्ड्रिंक चालत नाहीत. लघवी गडद होत असेल, उठताना चक्कर येत असेल तर पाणी कमी पडतंय.

सणाचं एक ताट

संक्रांतीला घरोघरी शेंगापोळी होते, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पाहुण्यांनी घर भरलेलं असतं, आणि कुणीतरी म्हणतंच, "खा की गं, एवढ्यानं काय होतंय." बायपास झालेल्यांना, आणि काही स्लीव्हवाल्यांनाही, एवढ्यानं बरंच होतं. गोड खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब. याला डम्पिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: साखर आधी झपाट्यानं चढते आणि मग घसरते, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर लगेच सांगा, कारण ऑपरेशननंतर ते डोस बदलावे लागतात.

सणाला भोगीची भाजी, दह्यातली कोशिंबीर, उसळ आधी खा आणि पोळीचा एक लहान तुकडा शेवटी. आग्रह करणाऱ्याला मोठं कारण सांगायची गरज नाही. "डॉक्टरांनी थोडं थोडं खायला सांगितलंय, बांधून द्या, घरी खाते," एवढं पुरतं.

उपवासांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष करू नका. साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय फारसं काही नसतं, आणि दिवसभर रिकामं राहून रात्री एकदम खाणं या पोटाला झेपत नाही. आषाढीला उपवास केल्याशिवाय राहवतच नसेल तर दूध, दही, पनीर यांवर दिवस काढा आणि पाणी चालू ठेवा. रोजे धरायचे असतील तर आधी सर्जनशी बोला.

गोळ्या बंद करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती करताना काहीच जाणवत नाही. बी-१२ चा साठा शरीरात बराच काळ पुरतो. गोळी सोडल्यावर वर्षभर बरं वाटतं, आणि मग हातापायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा सुरू होतो. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम सायट्रेट आणि व्हिटॅमिन डी हे बहुतेकांना कायमचं लागतं. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

तीन ते सहा महिन्यांत केस गळायला लागतात तेव्हा बायका घाबरून जातात. झपाट्यानं वजन उतरल्यावर असं होतं आणि बहुतेकांचे केस परत येतात. तेलं बदलण्यापेक्षा प्रोटीन आणि लोह तपासा.

ऑपरेशन पुण्याला, हैदराबादला किंवा मुंबईला झालेलं असलं की फॉलोअप सुटतो. एक दिवस मोडतो, गाडीभाडं लागतं. पण रक्ताच्या तपासण्या सोलापुरात होतात. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी-१२, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम तपासून रिपोर्ट फोनवरून पाठवा आणि सल्ला घ्या.

दुखण्यावर मेडिकलमधून मनानं गोळी घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. बिडी-सिगारेटनंही तेच होतं. तंबाखू आणि मिसरीही सोडाच. दारू बायपासनंतर फार लवकर आणि जास्त चढते, आणि जेवणातला आधार गेल्यावर काहीजण नकळत तिच्याकडे वळतात. घरच्यांनी हे लक्षात ठेवावं.

काट्यावर मन टांगणं

रोज सकाळी वजन करू नका, आठवड्यातून एकदा पुरे. पहिल्या महिन्यातच आठ-दहा दिवस काटा हलत नाही, असं बहुतेकांचं होतं. पुढेही तो अधूनमधून अडकतो. तेव्हा खाणं आणखी कमी करणं ही चूक आहे, त्यानं स्नायूच उतरतात. त्या आठवड्यात कंबर मोजा, जिना चढून बघा, साखरेचे आणि बीपीचे आकडे बघा. चालणं चालू ठेवा, उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत, आणि सर्जननं परवानगी दिली की आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचे हलके व्यायामही करा.

लोक बोलतात. आधी जाड म्हणून बोलत होते, आता "आजारी दिसतोस" म्हणतात, किंवा "सोपा मार्ग धरलास." ज्यांनी हे ऑपरेशन केलं त्यांना ते किती सोपं होतं हे चांगलं ठाऊक आहे. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हा अधिकार तुमचा. पण घरातल्या निदान एका माणसाला सगळं माहीत असू द्या, म्हणजे चिडचिड, रडू, जेवणावरची वासना उडणं याकडे कुणाचं तरी लक्ष राहतं. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तेही या उपचाराचाच भाग आहे.

दोन वर्षांनी तीन-चार किलो वाढले तर घाबरू नका, थोडं वाढणं अपेक्षितच असतं. आठवडाभर तोंडात जाणारं सगळं लिहून काढा. दिवसाला पाच चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. हे बहुतेकांच्या लक्षातच आलेलं नसतं. वाढ थांबत नसेल तर लाजून घरी बसू नका, सर्जनकडे परत जा. त्यावर औषधं आहेत, तपासण्या आहेत.

तरुण मुलींसाठी आणि सगळ्यांसाठी

वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस जाण्याची शक्यता झपाट्यानं वाढते, पीसीओएस असलेल्यांतही. पण ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, कारण आई तेव्हा स्वतःच कमतरतेत असते. बायपासनंतर तोंडानं घेण्याच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका; स्त्रीरोगतज्ज्ञांकडून दुसरा उपाय घ्या.

पोटात असह्य दुखणं, ताप, नाडी जोरात चालणं, काळी शी यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर घरगुती उपाय करत बसू नका. अशा उलट्यांत थायमिन, म्हणजे बी-१, संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावायला गेलात तर आधी ऑपरेशनबद्दल सांगा आणि थायमिनचा विषय स्वतःहून काढा, कारण ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी ते द्यावं लागतं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो तुमच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये आजच काढून ठेवा.