बदली खेळाडू बाकावर थंड पडतो, तेव्हा : या चुका टाळा

बास्केटबॉलच्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरमध्ये उतरलेल्या बदली खेळाडूच्या हातून पहिलाच पास निसटला किंवा पहिल्याच धावेत त्याची पोटरी धरली, की ‘दडपण आले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळदा दोष थंड पडलेल्या स्नायूंचा असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सामन्याआधीचा वॉर्मअप शेवटपर्यंत पुरेल असे समजणे. शरीर थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याचा फायदा बराचसा ओसरतो, आणि फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनुसार १० मिनिटांचा असलेला क्वार्टर टाइमआउट, फाउल आणि फ्री थ्रो धरून प्रत्यक्षात बराच लांबतो. त्यामुळे दर पाच-सात मिनिटांनी बाकामागे जाऊन टाचा उचलणे, अर्ध्या बैठका काढणे आणि जागच्या जागी गुडघे उचलून पळणे, एवढे तरी करावे. जानेवारीतल्या सकाळी उघड्या सिमेंटच्या कोर्टवर बोटेही आखडतात, म्हणून हातात एक चेंडू असू द्यावा.

बसण्याची पद्धतही बिघडलेली असते. उंच खेळाडू बुटक्या प्लास्टिकच्या खुर्चीत गुडघ्यांवर कोपरे टेकून पाठीची कमान करून बसतो आणि उठताना कंबर ताठरते. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला नामवंत खेळाडू स्टीव्ह नॅश पाठीच्या त्रासामुळे बाकावर न बसता कोर्टच्या कडेला जमिनीवर आडवा होत असे, ते उगाच नव्हे.

आखडलेपणा जाणवला की एकेक स्नायू मिनिट-मिनिट ताणून धरण्याचा मोह होतो. उतरण्याच्या तोंडावर तो टाळावा, कारण अशा दीर्घ ताणाने उडीतील जोर काही काळ कमी होतो. पाय पुढे-मागे झुलवणे अधिक उपयोगी ठरते.

हाफटाइमच्या १५ मिनिटांत राखीव खेळाडूंनी उभ्या उभ्या तीन पॉइंटचे नेम धरण्यापेक्षा वेगाने लेअप (धावत जाऊन बास्केटजवळून चेंडू टाकणे) आणि डिफेन्सिव्ह स्लाइड (गुडघे वाकवून बाजूला सरकणे) कराव्यात, घाम येईपर्यंत.

एक चूक मात्र प्रशिक्षकाची. ऐनवेळी हाक मारली, की खेळाडू एका पायावर नाचत बुटांत अडकलेली ट्रॅकपँट ओढत बसतो. दोन-तीन मिनिटे आधी खूण केली, तर तो पँट काढून, चार उड्या मारून, नाड्या तपासून स्कोअररच्या टेबलापाशी पोहोचलेला असतो.