कूलर बसवण्याआधी पलंग ते संडास ही वाट मोकळी करा

नागपुरात होळीच्या आसपास कूलर निघतात. घरात म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर त्याच वेळी त्याची रात्री उठून जायची वाट तपासा. ती सलग ३ फूट रुंद हवी, म्हणजे वॉकर अडत नाही. टीपॉय, ट्रंक हलवा. बाथरूमपुढचं सैल पायपुसणं तर काढाच. वस्तू मात्र त्यांना विचारून हलवा, नाहीतर अंधारात हात जुन्याच जागी आधार शोधतो. कूलरची वायर आणि पाइप भिंतीच्या कडेने न्या. टाकीची गळती आधी बंद करा. गुळगुळीत फरशीवरचं पाणी रात्री दिसतच नाही.

कमोडशेजारच्या भिंतीला स्टीलचा दांडा जमिनीपासून ८० ते ९० सेंमीवर लावा. सक्शन कपचा, म्हणजे रबरी वाटीने टाइलला चिकटणारा, घेऊ नका, ओलाव्याने तो नेमका भार पडताच सुटतो. भोक पाडण्याआधी टाइल ठोकून पाहा. पोकळ वाजली तर जागा बदला, कारण स्क्रूची पकड मागच्या विटेत बसायला हवी. दांडा बसल्यावर घरातल्या धडधाकट माणसाने पूर्ण जोर लावून ओढून पाहावा. जरा जरी हलला, तरी मिस्त्रीला पुन्हा बोलवा.