लॉकडाऊनमधल्या हवेवर प्रबंध करताना: स्टेशनचा आकडा आणि घरातला श्वास

पर्यावरणशास्त्राच्या एमएस्सीला शेवटच्या सत्रात माझा विषय पक्का झाला होता. ठाणे-वाशी लोकल आणि ठाणे-बेलापूर रोडवरची बस, या दोन प्रवासांत माणसाच्या श्वासात किती सूक्ष्म कण जातात ते मोजायचं. हातात मावणारा सेन्सर घेऊन ऐरोली ते ठाणे फेऱ्या सुरूही केल्या होत्या. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, लोकल थांबली, २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. सेन्सर घरात, मी घरात. मी प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना फोन करून विषय बदलून मागितला. ते म्हणाले, "लोकांनी श्वास घेणं थांबवलंय का? आता ते कुठली हवा घेतायत ते बघ."

त्या एका वाक्यावर माझा प्रबंध उभा राहिला. त्या काळातला डेटा आजही मिळतो आणि त्यावर काम करणारे विद्यार्थी अजून भेटतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, 'हवा किती टक्के स्वच्छ झाली?' मला हा प्रश्न अर्धवट वाटतो. हवा मोजणाऱ्या स्टेशनचं यंत्र एका जागी उभं असतं, माणूस फिरतो. एक्सपोजर म्हणजे हवेतलं प्रमाण आणि त्या हवेत घालवलेला वेळ, दोन्ही मिळून. निर्बंधांनी प्रमाण बदललं, तसा वेळही बदलला.

पण आधी स्टेशनच्या डेटाबद्दल, कारण माझी पहिली मोठी चूक तिथेच झाली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर ऐरोली, महापे, नेरुळ आणि ठाण्यातल्या पिंपळेश्वर मंदिराजवळच्या स्टेशनचे तासागणिक आकडे मिळतात. मी फेब्रुवारी २०२० आणि एप्रिल २०२० शेजारी ठेवले, पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांचा, आलेख धाडकन खाली आला आणि मी खूश झाले. सरांनी विचारलं, "२०१९ चा एप्रिल काढलास का?" काढला. त्याही वर्षी फेब्रुवारीपेक्षा एप्रिल बराच स्वच्छ होता, लॉकडाऊन नसताना. आपल्याकडे हिवाळ्यात हवेचा थर जमिनीलगत दबून राहतो, वारा मंद असतो आणि धूर खालीच साचतो. उन्हाळा लागला की जमीन तापते, थर उंच जातो, खाडीवरून वारा सुटतो. म्हणून तुलना मागच्या वर्षांच्या त्याच आठवड्यांशी करायची, आणि जमलं तर वारा, तापमान, आर्द्रता यांचा परिणाम वेगळा काढायचा. आर या संगणकभाषेतलं हवेच्या डेटासाठीचं ओपनएअर पॅकेज शिकून घ्या. एखादं स्टेशन उशिरा सुरू झालेलं असतं, त्याला मागची वर्षंच नसतात, तेही आधी तपासा.

फाइल उतरवली की लगेच सरासरी काढायला बसू नका. ओळी डोळ्यांनी वाचा. दहा-दहा तास एकच आकडा आलेला दिसेल, मधले दिवस कोरे दिसतील. एनओ (नायट्रिक ऑक्साइड) आणि एनओटू (नायट्रोजन डायऑक्साइड) मायक्रोग्रॅममध्ये असतात आणि त्याच फाइलमध्ये एनओएक्स, म्हणजे या दोन्हींची बेरीज, पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग). मी तिन्ही एकाच एककात समजून आठवडाभर बेरीज जुळवत होते. २५ अंश तापमानाला एनओटूचा १ पीपीबी म्हणजे १.८८ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, एनओचा सुमारे १.२३. हे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा.

वाहतूक थांबल्याचा खरा ठसा एनओटूवर दिसतो. तो प्रामुख्याने इंजिनातून येतो आणि हवेत फार काळ टिकत नाही, त्यामुळे रस्ता ओस पडला की लवकर उतरतो. पीएम २.५ तसं नाही, ते दूरवरूनही येतं आणि वायूंपासून हवेतच तयारही होतं. ओझोन तर उलटाच वागतो. गाड्यांमधून निघणारा एनओ ओझोनला खाऊन टाकतो. गाड्या थांबल्या की खाणारा कमी होतो आणि एप्रिलच्या उन्हात ओझोन टिकून राहतो, कधी चढतोही. लॉकडाऊनमध्ये अनेक शहरांत हेच दिसलं. 'सगळी प्रदूषकं घटली' असं वाक्य प्रबंधात लिहू नका.

आता घरातलं. आमचा ऐरोलीतला वन बीएचके, स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यात दार नाही. सेन्सर मी फ्रिजवर ठेवला होता. एका दुपारी आईने आमटीला फोडणी दिली, मोहरी तडतडली, लाल मिरची काळी पडली, सगळ्यांना ठसका लागला आणि पडद्यावरचा दोन आकडी अंक बघता बघता तीन आकडी झाला. खिडकी बंद होती, कारण बाहेर ऊन रणरणत होतं. हॉलमध्ये बाबा ऑफिसच्या मीटिंगमध्ये, भाऊ ऑनलाइन क्लासला. एरवी या वेळी घरात आई एकटी असायची. फोडणी रोजचीच होती, आता ती चार जणांच्या फुफ्फुसांत जात होती. संध्याकाळी देवापुढे उदबत्ती, रात्री डास मारायची कॉइल. त्या दिवशी मी वहीत लिहिलं: स्टेशनवर हवा चांगली, आमच्याकडे नाही.

मग मी वेळेची डायरी सुरू केली. ओळखीतल्या सहा जणांना दर अर्ध्या तासाला कुठे होतात, काय करत होतात, खिडकी उघडी होती का, एवढंच लिहायला सांगितलं. चार दिवसांत चौघांनी लिहिणं सोडलं. मग मी रोज रात्री आठला फोन करून विचारायला लागले, आणि डायरी भरली. लेखी संमती आधी घ्या आणि नावं काढून टाका. कोण किती वाजता घराबाहेर असतं ही माहिती साधी नाही, त्या दिवसांत तर कोण आजारी आहे हेही त्यातून कळत होतं.

हिशेब सोपा आहे. समजा एक बाई नोकरीला जाते. प्रवासात २ तास पीएम २.५ चं प्रमाण १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर (पुढचे आकडेही याच एककात), ऑफिसात ८ तास ३०, घरी १४ तास ४०. गुणाकारांची बेरीज १०००, भागिले २४, म्हणजे सुमारे ४२. आता निर्बंध लागले. बाहेरची हवा सुधारल्याने घरातलं प्रमाण ३५ वर आलं, पण रोज २ तास ती स्वयंपाकघरात १२० मध्ये उभी आहे. २२ गुणिले ३५ अधिक २ गुणिले १२०, म्हणजे १०१०. सरासरी पुन्हा ४२. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण शहर स्वच्छ होऊनही एका बाईच्या वाट्याची हवा तिथेच राहू शकते, हे यातून दिसतं. आपलं २४ तासांचं मानक ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून १५.

सहा जणांत एक काका वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, भाजी उतरवणारे. त्यांची डायरी लॉकडाऊनमध्येही रात्री दीडला सुरू व्हायची. धक्क्यावर ट्रक इंजिन चालू ठेवून उभे, हे पाठीवर गोणी घेऊन त्यांच्यामधून चालणार. वजन उचलताना माणूस बसलेल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत ओढतो, म्हणजे प्रमाण तेच असलं तरी शरीरात जाणारी मात्रा वाढते. घरी बसलेल्या आयटीवाल्याची आणि या काकांची सरासरी काढून 'नवी मुंबईकरांचं एक्सपोजर' म्हणणं मला पटलं नाही. प्रबंधात मी प्रत्येकाचा दिवस वेगळा मांडला. परीक्षकांनी नमुना लहान म्हणून गुण कापले. ते बरोबरच होतं, पण आज केलं तरी मी असंच करेन.

'लॉकडाऊनआधी' आणि 'लॉकडाऊननंतर' असे दोनच कप्पे करू नका. लोकल १५ जून २०२० पासून फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी धावू लागली, बाकीचे दुचाक्या काढून कामावर निघाले. जुलैत ठाणे आणि नवी मुंबईत पुन्हा काही दिवस कडक बंद झाला, पण तो ऐन पावसात. पावसाने कण धुऊन जातात, त्यामुळे त्या दिवसांचं श्रेय बंदला द्यायचं की सरींना हे पीएमवरून ठरत नाही, तिथे एनओटू बघावा. एप्रिल २०२१ चे निर्बंध पहिल्या लॉकडाऊनइतके सरसकट नव्हते. म्हणून पालिकेचे आणि राज्याचे आदेश वाचून तारखांचा तक्ता करा: लोकल, कारखाने, बांधकाम, दुकानं, कधी काय बंद आणि कधी काय सुरू. या तक्त्याला मला पंधरा दिवस लागले आणि प्रबंधातला सगळ्यात उपयोगी भाग तोच ठरला.

पावसाळ्यात स्वस्त सेन्सरवर विश्वास टाकू नका. तो प्रकाश कणांवरून किती विखुरतो ते मोजतो, दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा खोटा चढतो. शक्य असेल तेव्हा सेन्सर स्टेशनजवळ काही दिवस ठेवून दोन्ही आकडे ताडून बघा.

नोकरीबद्दल थोडक्यात. सुरुवात बहुधा तपासणी प्रयोगशाळेत किंवा सल्लागार कंपनीत होते: हवेतले कण फिल्टरवर पकडणारा सॅम्पलर गच्चीवर चढवा, फिल्टर ओलावा काढणाऱ्या डेसिकेटरमध्ये ठेवून तोला, चोवीस तासांनी परत जा. हे काम मनापासून शिका, आकडा कसा जन्मतो ते तिथेच कळतं. माझ्या पहिल्या नोकरीत एकदा सॅम्पलर कारखान्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला लावायला सांगितला होता, म्हणजे धूर त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. मी जागा आणि वाऱ्याची दिशा अहवालात लिहिली. वाद झाला, पण ओळ राहिली. जागा, दिशा, वेळ नेहमी लिहा.

आणि निकाल ज्यांच्या डायऱ्या घेतल्या त्यांना परत सांगा. कळव्याच्या मावशी एका खोलीत सहा माणसांचा स्वयंपाक करायच्या. मी आलेख दाखवायला लागले तर म्हणाल्या, "ते राहू दे गं, मी खिडकी कधी उघडू ते सांग." त्यांच्या गल्लीत सकाळी आणि रात्री कचरा जाळायचे, तेव्हा खिडकी उघडली की धूर आत. दुपारी वारा सुटतो, कण कमी असतात. ओझोन त्या वेळी जास्त असतो, पण त्यांच्या खोलीतला प्रश्न धुराचा होता. मी म्हटलं, दुपारी दोन ते पाच सताड उघडी ठेवा, मिरचीची फोडणी आणि तळण जमेल तेवढं त्याच वेळात उरका. त्यांनी नातवाकडून ते कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आणि ओट्याच्या वर खिळ्याला अडकवलं.