परसातील कोंबड्यांचे आजार: औषधाआधी निदान

परसात दहा-वीस गावरान कोंबड्या असलेल्या घरी मर लागली की पहिली धाव औषधाच्या दुकानाकडे जाते आणि तेथून बहुधा प्रतिजैविकाची एखादी पुडी घरी येते. ती पाण्यात ढवळून सर्वांना पाजली जाते. आजार मानमोडीचा असेल तर विषाणूवर या पुडीचा काहीही परिणाम होत नाही. रक्ती हगवण असेल तर तिला वेगळेच औषध लागते. आणि गोचिडांनी रक्त शोषल्यामुळे कोंबड्या पांढुरक्या पडल्या असतील तर दोष खुराड्यात असतो, पक्ष्यात नव्हे. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी अर्धा तास निरीक्षणात घालवावा.

आजारी दिसणारी कोंबडी प्रथम वेगळ्या डालग्याखाली, इतरांपासून दूर आणि सावलीत ठेवावी. तिचे दाणापाणी सर्वांत शेवटी करावे व नंतर हात साबणाने धुवावेत. त्यानंतर तीन गोष्टी पाहाव्यात: किती पक्षी आजारी आहेत, ते कोणत्या वयाचे आहेत आणि आजार किती वेगाने पसरतो आहे. एकच कोंबडी मलूल असून बाकीच्या उकिरडा उकरत असतील, तर अंडे अडकणे, अन्नपिशवी तुंबणे किंवा जखम होणे अशी तिच्यापुरती कारणे आधी तपासावीत. दोन-तीन दिवसांत लहान-मोठे सगळेच पक्षी माना टाकू लागले तर साथ समजावी. केवळ तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले बसकण मारत असतील, तर रक्ती हगवण किंवा गंबोरो (पिल्लांचा एक विषाणूजन्य आजार) यांपैकी एकाचा संशय घ्यावा.

सकाळी खुराड्याचे दार उघडताच बाहेर न पडणाऱ्या पक्ष्यावर लक्ष ठेवावे आणि रात्रभर साचलेली शीट पाहावी. निरोगी कोंबडीची शीट घट्ट असते व तिच्यावर पांढरा थर असतो. अधूनमधून मात्र प्रत्येक निरोगी कोंबडी तपकिरी, चिकट आणि अतिशय दुर्गंधी शीट टाकते; ती आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतून येते आणि अनेक जण तिलाच हगवण समजून औषध सुरू करतात. काळजी करायची ती हिरवट पातळ, रक्तमिश्रित किंवा चुन्याच्या पाण्यासारख्या पांढऱ्या शिटेची. रात्री पक्षी शांत झाल्यावर खुराड्याजवळ काही मिनिटे उभे राहिले, तर दिवसाच्या गडबडीत न कळणारी घरघर आणि शिंका स्पष्ट ऐकू येतात. त्याच वेळी बॅटरीच्या उजेडात बांबूच्या फटी पाहाव्यात. कोंबड्यांचे गोचीड दिवसा तेथे लपतात व रात्री रक्त पितात, त्यामुळे दिवसा पिसे चाळून प्रौढ गोचीड क्वचितच सापडतात. तुरा फिकट पडला आहे, छातीचे हाड हाताला धारदार लागते आहे आणि फटींत गोचीड आहेत, असे आढळल्यास निदान जवळपास झालेच. अशा वेळी पक्षी बाहेर काढून फटी आगीच्या झोताने भाजाव्यात, चुना लावावा आणि मगच कोंबड्या परत कोंडाव्यात. खुराडे बांबूचे व जुने असेल तर ते जाळून नवे करणे अधिक सोपे पडते.

उपचाराने हमखास लाभ होतो अशा आजारांत रक्ती हगवण पहिली येते. पावसाळ्यात खालचा भुसा ओला राहिला की तिचे एकपेशीय परजीवी झपाट्याने वाढतात. पिल्ले पिसे फुगवून, पंख लोंबवून एका कोपऱ्यात गोळा होतात आणि शिटेत रक्त दिसते. अॅम्प्रोलियमची भुकटी पाकिटावरील मात्रेनुसार पिण्याच्या पाण्यात पाच दिवस द्यावी आणि त्या काळात दुसरे पाणी ठेवू नये. येथे एक चूक सर्रास होते: अशक्तपणा जावा म्हणून सोबत बी-कॉम्प्लेक्सही पाजले जाते. अॅम्प्रोलियम हे परजीवींना ब-१ जीवनसत्त्व मिळू न देऊन काम करते, त्यामुळे तेच जीवनसत्त्व भरपूर दिल्यास औषध निकामी ठरते. टॉनिक द्यायचेच असेल तर औषधाचा क्रम संपल्यावर द्यावे. ओला भुसा काढून कोरडा घातला नाही तर आजार पुन्हा उलटतो.

देवी रोगात तुऱ्यावर, डोळ्यांभोवती व चोचीच्या कडेला खपल्या धरतात. हा रोग प्रामुख्याने डासांमुळे पसरतो. खपल्या उपटू नयेत; पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने पुसून आयोडीन लावावे आणि डोळे मिटलेल्या पक्ष्याला हाताने भरवावे, कारण असे पक्षी बहुतेक वेळा उपासमारीने दगावतात. नाक वाहून चेहरा सुजत असेल किंवा घरघर टिकून असेल, तर जिवाणूंचा संशय असतो आणि तेथे प्रतिजैविक उपयोगी पडते. मात्र ते पशुवैद्यकाने सांगितलेलेच असावे, क्रम पूर्ण करावा आणि त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत अंडी व मांस खाऊ किंवा विकू नये.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू आहे. हिरवट हगवण, चोच उघडी ठेवून श्वास घेणे, पाय व पंख लुळे पडणे आणि मान पिळवटणे ही त्याची लक्षणे आहेत. मात्र जोरदार साथीत मान वाकडी होण्याआधीच पक्षी मरतात. लागण झाल्यावर औषध नाही. पिल्ले पाच ते सात दिवसांची असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि सुमारे आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीचे इंजेक्शन, हाच खरा उपाय आहे. आर-टू-बी सहा आठवड्यांखालील पिल्लांना टोचू नये. ती लस तीव्र असल्याने पिल्ले लुळी पडू शकतात. लस आजारी कळपातही टोचू नये. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात आणि पातळ केलेली लस बर्फावर ठेवूनही तास-दोन तासांतच संपवावी लागते, त्यामुळे वाडीतील सर्व घरांनी एक दिवस ठरवून एकत्र लसीकरण केल्यास लस वाया जात नाही. मर सुरू झाल्यावर उरलेल्या कोंबड्या आठवडी बाजारात खपवण्याची रीत मात्र निखालस वाईट आहे. शेजारच्या गावात मानमोडी बहुधा अशाच पाटीतून जाते.

एकाएकी अनेक पक्षी मेले, तुरे जांभळे पडले, डोकी सुजली, तर मानमोडी आणि बर्ड फ्लू यांतील फरक डोळ्यांनी ओळखता येत नाही. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथेच झाला होता. अशा वेळी मेलेली कोंबडी कापून पाहू नये, शिजवू नये, कुत्र्यापुढेही टाकू नये. नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवावे. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाची खबर देणे मालकाचे कर्तव्यच आहे. नमुना पशुवैद्यकांनाच घेऊ द्यावा. तोवर मृत पक्ष्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये व लहान मुलांना खुराड्याकडे फिरकू देऊ नये.

साथ सरल्यावर नवीन तलंगा (तरुण कोंबड्या) आणण्याची घाई करू नये. खुराडे खरवडून, धुऊन, चुना लावून उन्हात काही आठवडे रिकामे ठेवावे. बाजारातून आणलेले पक्षी जुन्या पक्ष्यांत मिसळण्यापूर्वी किमान दोन ते तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूस, स्वतंत्र भांड्यांसह ठेवावेत आणि त्या काळातच त्यांना जंतनाशक देऊन साधारण आठवडाभराने लस टोचून घ्यावी.