संगणकाला अरबी हस्ताक्षर ओळखायला शिकवण्याआधी: ठिपके बघा

पायथॉन, जीपीयू, डिस्कवर जागा यावर बोलत नाही, ते असतंच. डेटा आधी ठरवा. सुरुवातीला आयएफएन-एनिट हा चित्रसंच बरा: ट्युनिशियातल्या गावांची नावं, 411 जणांच्या हातची, 26,459 चित्रं. ओळीच्या ओळी वाचायच्या तर खत्त, 1,000 जणांचं लेखन. वाटणी माणसांची करा, चित्रांची नव्हे; एकाच माणसाचं अक्षर शिकवणीत आणि परीक्षेतही आलं की आकडे गोजिरे दिसतात आणि खोटे निघतात.

आता ठिपके. चित्रं साफ करणारा कोड जुन्या कामातून उचलून आणू नका. मी आणला होता: फॉर्मवरचे आकडे वाचण्यासाठी लिहिलेला, साठ पिक्सेलांहून लहान डाग दिसला की पुसणारा. आकड्यांना कुठे अनुस्वार असतो! अरबीच्या 28 पैकी 15 अक्षरांना ठिपके आहेत. शब्दाच्या मध्ये बा, ता, था, नून, या ही पाचही अक्षरं म्हणजे एकच दात. फरक ठिपके किती आणि वर की खाली एवढाच. ते पुसले की ‘बिंत’ म्हणजे मुलगी आणि ‘बैत’ म्हणजे घर, दोन्ही तंतोतंत सारखे. तीन रात्री मॉडेल शिकवलं, मग वैतागून एक चित्र मोठं करून पाहिलं: रेघेवर नुसते दात, वर-खाली कोरं. आणि आयएफएन-एनिटची चित्रं मुळात काळी-पांढरीच असतात, साफ काय करत होतो देव जाणे.

तेव्हा काहीही केलंत की पन्नास चित्रं डोळ्यांनी बघा. उंची कमी केल्यावर पुन्हा बघा, ठिपके तिथेही विरघळतात. घाईच्या अक्षरात दोन ठिपक्यांची बारीक आडवी रेघ होते. तो डाग नव्हे, ठिपकेच.

दिशा. लेबलमध्ये, म्हणजे चित्रासोबतच्या टंकित मजकुरात, पहिलं अक्षर आधी साठवलेलं असतं, चित्रात ते उजव्या टोकाला. सीटीसीला, म्हणजे चित्राचे स्तंभ आणि लेबलातली अक्षरं यांची सांगड घालणाऱ्या शिकवण्याच्या पद्धतीला, दोन्हींचा क्रम एकच लागतो. म्हणून चित्र आडवं उलटवा, नाहीतर लेबल. दोन्ही उलटवलीत तर पुन्हा जिथल्या तिथे.

लेबलं एनएफकेसीतून, म्हणजे अक्षरांची रूपं एकसारखी करणाऱ्या युनिकोडच्या रीतीतून, काढा, नाहीतर एकाच अक्षराचे चार आकार चार वेगळी अक्षरं होऊन बसतात. ततवील, म्हणजे शब्द ताणायला घातलेली आडवी रेघ, काढून टाका. मॉडेलमधून आकसून निघताना चित्राचे स्तंभ लेबलातल्या अक्षरांहून कमी पडू देऊ नका. डेटा वाढवताना थोडं तिरकं, थोडं ताणलेलं चालेल. मधूनच एखादं चित्र आरशासारखं उलटवणं नको, रेघ झिजवणं तर नकोच, ठिपके जातात. बाकी नेहमीचंच. पन्नास चित्रं पाहिली नसतील तर रन सुरू करू नका.